हिरव्या गाडीचा सौदा

४ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. नव्या जागेत पाणी वेळेवर येतं का, आणि शेजारणीचा कुत्रा अजून तुझ्याच पायपुसण्यावर झोपतो का, ते कळव. इकडे सगळं ठीक आहे.

आत्यानं फोनवर सांगितलंच असेल की मी जिन्यावरून पडलो. जबडा मोडला, तो डॉक्टरांनी तारेनं बांधून टाकलाय. दीड महिना तोंड उघडायचं नाही. सगळं पातळ करून नळीनं ओढतो. आत्या म्हणते, भाऊ म्हणून तू आत्ता कुठे सुसह्य झालास. बोलता येत नाही म्हणून हे पत्र, नाहीतर फोनच केला असता.

एक गंमत सांगायची राहिली. मी गाडी घेतोय. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तेव्हा शिकवणीची गाडी विकली, ते पैसे आणि थोडी शिल्लक, एवढ्यात काय येणार म्हणशील. पण जुन्या वेगवान गाड्यांचं एक बरं असतं. पेट्रोल आणि दुरुस्तीचे आकडे बघून पहिला मालक लवकर घाबरतो आणि येईल त्या भावाला विकतो. चाळीस वर्षं मी लोकांच्या शेजारी बसलो, तिसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेलो नाही. तुझी आई म्हणायची, झोपेतसुद्धा तुमचा पाय ब्रेक दाबतो. तेव्हा आता एकदा तरी अशी गाडी हवी, जी कुणी मागून ढकलल्यासारखी सुटेल.

एक हिरवी, दोन दारांची बघून ठेवलीय. सौदा जरा रखडलाय. पुढच्या बाजूला थोडं काम निघालंय.

आत्या पोलिसांबद्दल काही बोलली तर मनावर घेऊ नकोस. जुनी गाडी घ्यायची म्हणजे कागद तपासावे लागतात.

तुझा,
बाबा

२९ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. "बाबा, आपल्या घराला जिना नाही," एवढी एकच ओळ. आत्या आधी हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडली. तेव्हा आता नीट लिहितो.

हिरव्या गाडीची जाहिरात मी रोज उघडून बघायचो. टर्बो इंजिन, फारशी फिरलेली नाही, आणि किंमत मला झेपेल अशी. तिथेच शंका यायला हवी होती. आलीही होती. पण हौस असली की माणूस स्वतःच स्वतःचा वकील होतो. मालक परगावी जात असेल, घाईत असेल, टायर झिजलेत म्हणून भाव उतरला असेल. पैसे रोख आणा म्हणाले, मी रोख नेले.

शहराबाहेर गोदामांची रांग आहे. दुपारच्या वेळी तिकडे चिटपाखरू नसतं. शेवटच्या गोदामाचं लोखंडी सरकतं दार अर्धं उघडं होतं, आणि गाडी आत, दाराकडे तोंड करून उभी. विकणारा तोंडाचा इतका गोड की मी मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. "काका, बसा तर खरं. मी काय बोलू, गाडीच बोलेल," म्हणाला. मी आधी बॉनेट उघडलं, तेल पाहिलं, नळ्या चाचपल्या. इंजिन थंडगार होतं, म्हणजे आधी तापवून दोष झाकलेला नव्हता. मी खूश. आत बसून सुरू केली. ठकू, काय आवाज होता तो. छातीत घुमत होता.

मग सवयीनं आरसा नीट केला. आरशात गोदामाच्या मागच्या कोपऱ्यातला एक माणूस दिसला. तोंडाला चिकटपट्टी, हात बांधलेले, शर्टाचा मूळ रंग कळू नये इतकं रक्त. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता. नाही, नाही, नाही.

मी पहिला गिअर टाकण्याआधीच गाडीचं दार उघडलं गेलं. एका उंच माणसानं मला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि चाकाचे नट खोलायच्या पान्यानं तोंडावर मारलं. आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. दात जिभेवर आले, थुंकले तर जमिनीवर खडखडले. मग तो लाथा मारत राहिला. गोडबोल्यानं माझ्या कोटातून पैशांचं पाकीट काढून घेतलं, तसंच गोड बोलत. "काका, हलू नका, उगाच जास्त लागेल."

कोपऱ्यातला माणूस बेकरीवाला होता. तीच जाहिरात बघून तो सकाळीच आला होता. त्याच्याकडे रोख कमी निघाली, म्हणून त्यांना त्याचा फोन उघडायचा गुप्त आकडा हवा होता, म्हणजे बँकेतले पैसे फिरवता येतील. चिकटपट्टी काढली तरी तो सांगेना. त्या उंच माणसानं, लांब्या म्हणू त्याला, बेकरीवाल्याचा उजवा हात एका जुन्या इंजिनावर ठेवला आणि पान्यानं एकेक बोट फोडायला घेतलं. पीठ मळणारी बोटं. पहिल्या बोटाला तो ओरडला. दुसऱ्याला आईला हाक मारली. तिसऱ्याला त्यानं आकडा सांगितला. लांब्यानं तरीही चौथं फोडलं.

गाडी अजून चालूच होती, बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी सरपटत तिच्यात गेलो. गोडबोल्या मला बघून ओरडला आणि पैसे घेऊन दारातून पळत सुटला. गाडी हलली तसा लांब्या पाना घेऊन आडवा आला. मला ब्रेक दाबायचा होता. तोंडातून रक्त वाहतंय, डोळ्यांपुढे अंधारी, अशात पाय चुकला. गाडी उसळली आणि लांब्या बॉनेट आणि दाराच्या मध्ये सापडला.

शेजारच्या गोदामातले हमाल धावत आले, मग पोलीस आले. गोडबोल्या चौकातच पकडला गेला, पैसे परत मिळाले. लांब्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

गाडी चोरीची निघाली. मालकीण दातांची डॉक्टर आहे. गाडी तिला परत मिळाली, पण त्या चेपलेल्या बॉनेटकडे तिला बघवेना. माझ्या पैशांत देऊन टाकली. तेव्हा हिरवी आता आपल्या दारात उभी आहे.

बेकरीवाला परवा भेटायला आला. एका हाताला प्लॅस्टर आणि दुसऱ्या हातात केक. मला खाता येत नाही हे त्याच्या लक्षातच नव्हतं. आम्ही दोघं हसलो, तो मोकळ्या तोंडानं, मी तारांमधून. जाताना म्हणाला, "काका, तुम्ही सांगितलंत तसंच मी जबाबात सांगितलंय." मी मान डोलावली.

काळजी करू नकोस. आत्या माझ्यावर चांगलाच पहारा देतेय.

तुझा,
बाबा

२४ एप्रिल

प्रिय ठकू,

आशीर्वाद. तारा निघाल्या. आता बोलता येतं. आठवड्यात दोनदा तुला फोन केला, तू "बोला बाबा" म्हणालीस आणि मी उकाड्याबद्दल बोलून ठेवून दिला. म्हणून पुन्हा कागदच घेतला.

पाय चुकला नाही.

तू माझ्याच शेजारी बसून गाडी शिकलीस. माझा पाय चुकतो का, ते तुला ठाऊक आहे. मागचं पत्र वाचून तू उलट काही विचारलं नाहीस, तेव्हाच मला कळलं की तुला पटलेलं नाही.

घडलं ते असं. गाडी हलताना बघून लांब्यानं पाना टाकून दिला. तो आडवा आला नाही. उलट बाजूला सरला, दाराच्या बंद भागाला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही तळवे वर केले. "जा काका, जा," म्हणाला. डावीकडे दार उघडं होतं. बाहेरचं ऊन दिसत होतं. शिकाऊ पोरीनंही गाडी सहज बाहेर काढली असती.

मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं.

तो दारावर चेपला गेला तेव्हा रिव्हर्स टाकायला हवा होता. मी पाय आणखी खाली दाबला. चाकं जागच्या जागी फिरत होती, रबर जळत होतं, काचेपलीकडे त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून दोन हातांवर होता आणि तो माझ्याकडे बघत किंचाळत होता. मागून बेकरीवाला ओरडत होता, "काका, बस करा, मरेल तो." फोडलेल्या बोटांचा माणूस त्याच्यासाठी गयावया करत होता. मी थांबलो नाही. लांब्याची मान कलली, आवाज बंद झाला, तेव्हा पाय काढला. आणि ठकू, त्या वेळात मला काही दुखत नव्हतं. जबडा नाही, बरगड्या नाहीत. इतकं हलकं मला तुझी आई गेल्यापासून वाटलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते हेच.

नंतर तपास अधिकाऱ्यांनी हळुवारपणे विचारलं, "घाबरून पाय चुकला असेल ना, काका?" मी होकारार्थी मान डोलावली. मोडलेल्या जबड्याच्या म्हाताऱ्याला कोण आणखी विचारणार. त्यांनी तसं लिहून घेतलं. बेकरीवाल्यानं सगळं पाहिलं होतं, तोही तसंच बोलला.

गेल्या सोमवारी ओळख पटवायला मला इस्पितळात नेलं. लांब्याच्या अंगावर पांघरूण होतं, एका बाजूला सपाट. वय तुझ्याएवढंच. मी हाच म्हणून सांगितलं, अधिकारी कागद आणायला बाहेर गेले, दारात एक शिपाई उभा. लांब्या हळूच म्हणाला, "पाय चुकला म्हणून सांगितलंत?"

"हो."

"मीही आईला तेच सांगितलंय. ती रोज डबा घेऊन येते आणि रोज विचारते, कसं झालं रे."

मी म्हटलं, "खरं का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुम्ही मुद्दाम घातलीत म्हटलं, तर ती विचारणार ना, एवढ्या वयाच्या माणसानं तसं का करावं. मग मला बोटांचं सांगावं लागेल."

त्याच्यावर मला दया आली असं लिहीत नाही. चौथं बोट मी विसरलेलो नाही, आणि त्यानं माफी मागितली नाही. मीही नाही. पण बाहेर आलो तर बाकावर त्याची आई बसली होती, मांडीवर डबा. मला बघून सरकून जागा करून दिली. "तुमचंही कुणी आत आहे का," विचारलं. मी तिच्या शेजारी बसलो, ठकू. थोडा वेळ बसलो आणि काही न सांगता उठून आलो.

उद्या सकाळी मी जबाब बदलायला जाणार आहे. वकील म्हणतात, वेडेपणा करू नका, तुरुंगात जाल. बेकरीवाल्यानं माझे पाय धरले, कारण त्याचाही जबाब खोटा ठरेल. त्याला म्हटलं, तुझ्या डोळ्यांवर रक्त आलं होतं, तुला नीट दिसलं नाही असं मी सांगेन. तेवढं एक खोटं अजून बोलेन, त्याबद्दल मला खंत नाही.

गाडीच्या किल्ल्या आत्याकडे देऊन ठेवतो. त्या दिवसानंतर मी एकदाही ती चालवलेली नाही. तुला विकायची असेल तर विक, भंगारात दिलीस तरी चालेल.

आत्याला यातलं काही माहीत नाही. तोंडानं सांगायला धजत नाही, म्हणून हे पत्र टपालात टाकायला तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही. ती वाचेल, मग चिकटवेल, आणि तुला पत्र मिळेल तोवर तुम्हा दोघींनाही माहीत झालेलं असेल की तुम्ही इतकी वर्षं कुणासाठी स्वयंपाक केलात आणि कुणाला पत्रं लिहिलीत.

राग आला तर राग लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरा कागद पाठव, पण पाठव.

तुझा बाबा, जो हे सगळं शुद्धीवर असताना करून बसला