सोळाला गाडी सांगितली आहे

किम लाँग, ह्युए
चौथा महिना, सहा

चि. खुए हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझे कान मात्र पार कामातून गेले. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून म्हटलं आता आपलं पत्रच बरं. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस.

मी येते आहे. तुझ्याकडे, फोंग न्याला, गुहा बघायला.

आईच्या श्राद्धाला आलीस तेव्हा जाता जाता म्हणालीस की खांदा आता वर जात नाही, यंदा शरदात पावसाळा लागला की नाव सुनेच्या हाती देणार. तू सहज बोललीस आणि बसमध्ये बसून निघून गेलीस, इथे माझी झोप उडाली. लग्न होऊन त्या नदीकाठी गेल्यापासून दर श्राद्धाला तूच येतेस. मी एकदाही तुला नाव वल्हवताना पाहिलेलं नाही. कारण तुला ठाऊक आहे. बसचा नुसता वास आला तरी माझ्या पोटात ढवळतं. जन्मभर आलेपाक करून विकणाऱ्या बाईला गाडी लागावी, यावर अख्खी गल्ली हसते.

म्हणून बस नको, खासगी गाडी सांगितली आहे. कोपऱ्यावरच्या लुआनची. लग्नसराईत तो नवरानवरी नेतो, त्यामुळे गाडीच्या नाकावर कागदी फुलांचा हार कायमचा चिकटलेला आहे. आतली अत्तराची बाटली मी आधी काढायला लावली. पहाटे निघायचं, तुझ्याकडे जेवायचं, गुहा बघायची आणि त्याच दिवशी परत. सातला निघू नये, तीनला परतू नये, हे आईचं सांगणं पाळून दिवस काढला आहे: सहाव्या महिन्याची सोळा.

बरोबर देवळातली मैत्रीण दिएप येते आहे, तीच ती रेशमाच्या दुकानाची मालकीण. तिला पुढे बसायचं होतं. मी सांगितलं की पुढची जागा जिला उलटी होणार तिची.

सूनबाई होआइला आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो माझ्या पोटाच्या वाट्यालाही थोडा यावा.
तुझी ताई, थोआ

फोंग न्या
पाचवा महिना, चोवीस

ती. ताईस खुएचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. चौथ्या महिन्यात टाकलेलं पत्र पाचवा सरत आल्यावर पोचतं, म्हणजे पोस्टाने ते कासवाच्या पाठीवर घालून पाठवलेलं दिसतंय. पण पोचलं. मी ते धक्क्यावर उभ्यानेच वाचलं आणि नंतर सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. त्यातली थोम म्हणाली की तुझी बहीण खरंच आहे होय, आम्हाला वाटायचं तू ती सुटी घेण्यासाठी रचली आहेस.

दिवस चांगला काढलास. आमच्या धक्क्यावर नावा पाळीने सुटतात. ज्या नावेची पाळी, तिच्यात उतारू बसतात, आपल्या मर्जीचं काही चालत नाही. पण थोमची सोळाला पहिली पाळी आहे, ती मी बदलून मागितली. त्या बदल्यात माझ्या पुढच्या दोन पाळ्या तिच्या. सौदा महाग पडला, पण त्याला इलाज नाही. नावेला निळा रंग दिला आहे. पानात उकडलेले कोळंबीचे मुटके करीन, वाळवलेली रताळी आहेतच. परतीच्या वाटेवर पोटात काही राहणार नसेल तर निदान जाताना तरी पोटभर जेव.

ताई, गुहेच्या तोंडाशी आलं की आम्ही यंत्र बंद करतो. मग होआइ पुढे आणि मी मागे उभी राहून वल्हवतो, नुसता पाण्याचा आवाज. उतारू सगळे पुढे बघत असतात. इतकी वर्षं मी माणसांची डोकी मागून पाहत आले आहे. आता त्यात तुझा अंबाडा दिसणार, या विचाराने मला काम सुचत नाही.

एक गोष्ट मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही. श्राद्धाच्या दिवशी दिएपबाईंनी मला विचारलं की तुमच्या हॉटेलात खोल्या किती आहेत. मी हसून वेळ मारून नेली. हे हॉटेल कुणी बांधलं ते मी विचारत नाही. पण मी होडीवाली आहे. धक्क्यावर मी शंकूची टोपी घालून, हातात वल्हं घेऊन उभी असेन आणि पाय चिखलाने भरलेले असतील. चारचौघांत मला बहीण म्हणणार असलीस तरच माझ्या नावेत बस. ते जड जाणार असेल तर आधी कळव, त्या दिवशी मी घरीच राहीन आणि होआइ तुम्हाला फिरवून आणेल.

रागावू नकोस. लोभ कर, आणि करतेस तो लोकांना दिसू दे.
तुझी खुए

किम लाँग, पाक उकळतो आहे तोवर

चि. खुए हिस अनेक आशीर्वाद.

हात साखरेने चिकट आहेत, म्हणून चारच ओळी. माझा सराव चालू आहे. लुआन रोज सकाळी मला गाडीतून फिरवतो. पहिल्या दिवशी पुलापर्यंतही मजल गेली नाही. आता बाजाराला वळसा घालून परत येईपर्यंत टिकते. संत्र्याची साल, कपाळाला चोळायचं हिरवं तेल, नाकाशी धरायला गरम पाव, सगळं जय्यत आहे. काल कुणीतरी लुआनला विचारलं की या वयात नवरी कुठली आणलीस.

दिएपने नवा फोन घेतला आहे. मी, ती आणि लुआन, तिघांचा फोटो काढायचा नाही हे मी तिला बजावलं आहे. तिघांत मधला जातो म्हणतात. तेव्हा चौथी तू हवीसच.

हॉटेलचं समोरासमोर बोलू. लिहायला बसले तर आलं करपेल.

आत्ता पाक भांड्याला लागायची वेळ आली, म्हणून लोभ घाईतच पाठवते.
ताई

फोंग न्या
सहावा महिना, सतरा

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

काल सोळा होती.

मी नवा पोशाख घातला होता. होआइने नावेत चटई घातली होती. माझी पाळी पुकारली तेव्हा मी धक्क्यावरच्या साहेबांना म्हटलं जरा थांबा, बहीण येते आहे. ते थांबले. रांगेतले लोक ओरडायला लागले तशी दुसरे उतारू बसवून मी निघाले. परत आले तेव्हाही रस्त्यावर फुलांचा हार लावलेली गाडी दिसली नाही. मुटके धक्क्यावरच्या बायकांनी खाल्ले, चांगले झाले होते म्हणतात.

होआइ म्हणते की तुला वाटेत गाडी लागली असेल. लुआनचा नंबर माझ्याकडे नाही आणि तुला फोन करून उपयोग नाही. रात्रभर वाटत होतं काही अपघात तर नाही. आज शेजारच्या बसवाल्याने किम लाँगला चौकशी केली, तर तू ओट्यावर बसून आलं सोलत होतीस म्हणे. मग माझी काळजी गेली आणि दुसरंच काहीतरी आलं. मला वाटतं तुम्हाला हॉटेल सापडलं नसेल.

खांदा दुखतो, जास्त लिहीत नाही. लोभाचं तूच बघ.
खुए

किम लाँग
पाचवा महिना, नऊ

चि. खुए हिस आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

अगं वेडाबाई, आज पाचव्या महिन्याची नऊ आहे. सहाव्याची सोळा यायला अजून महिना जायचाय. मी तिथी लिहिली आणि तू तारीख वाचलीस. कॅलेंडरवर मोठा आकडा असतो त्याच्याखाली एक बारीक आकडा असतो, तो कशासाठी छापतात? आईचं श्राद्ध तिथीने, देऊळ तिथीने, सण तिथीने. आपल्या घरी तारखेने फक्त विजेचं बिल येतं. सातला निघू नये हा आईचा नियम मी पत्रात लिहिला होता. तो काय बिलाच्या तारखेला लागतो?

हसता हसता तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मग हसू गेलं. तू नवा पोशाख घालून रस्त्याकडे बघत उभी राहिलीस आणि मी इथे आलं सोलत होते. तो बसवाला ओट्यापाशी आला तेव्हा मला वाटलं आलेपाक घ्यायला आलाय. मी त्याला चव बघायला तुकडासुद्धा दिला.

हॉटेल न सापडणारी मी नाही. येते आहे. तुझ्याच नावेत बसणार आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही. एवढं ओकत ओकत यायचं ते थोमचं वल्हं बघायला का?

राग विरघळला असेल तर लोभ कर, नसेल तर मी आल्यावर कर.
ताई

फोंग न्या
सातवा महिना, दहा (मोठा आकडा)

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र धक्क्यावर वाचून दाखवलं आणि आता मला सगळ्या बारीक आकडा म्हणून हाक मारतात. चूक माझीच. आमच्याकडे उतारू तारखेने येतात, मीही तारखेचीच झाले आहे.

पण पंचाईत अशी की बदललेली पाळी वापरून झाली. थोमला दिलेल्या दोन पाळ्यांनी मी खाली घसरले. तुझ्या सोळाला, म्हणजे इथल्या अठ्ठावीसला, माझी पाळी सगळ्यांत शेवटी आहे. तोवर संध्याकाळ होईल आणि तुम्हाला तर परत जायचं आहे. सगळ्यांना विचारलं, पण उन्हाळ्याचे चार दिवस कमाईचे, कुणाला आग्रह करायचा मला हक्क नाही. तू ज्या नावेची पाळी असेल तिच्यात बस. मी उतारू होऊन तुझ्या शेजारी बसेन. तेही काही वाईट नाही. गुहा मी कधी बसून पाहिलेली नाही.

वाट पाहते. या खेपेला बारीक आकड्याभोवती होआइने तांबडा गोल केला आहे. लोभ त्याच गोलात आहे.
खुए

फोंग न्या
सातवा महिना, तीस

ती. ताईस खुएचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचल्याचा निरोप लुआनने बसवाल्याकडे दिला. परतताना डोंग होई शहराच्या अलीकडेच पाव संपला असंही कळलं.

तू काय केलंस ते तुला माहीत आहे. पण धक्क्यावर काय बोललं गेलं ते तुला ऐकू आलं नाही, म्हणून हे पत्र.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा चेहरा केळीच्या पानासारखा हिरवा होता. थोमने विचारलं की हिला नावेत घालायचं की दवाखान्यात. मग दिएपबाईंनी तुझ्या कानाशी काहीतरी विचारलं, बहुतेक हॉटेल कुठलं ते. आणि ताई, कान गेल्यापासून तू किती मोठ्याने बोलतेस याची तुला कल्पना नाही. तू माझ्या नावेकडे बोट करून सांगितलंस की हेच ते हॉटेल, चारी बाजूंनी पाणी आहे, ही माझी धाकटी बहीण खुए, आणि ती स्वतः वल्हवते. तिकिटाच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. माझे पाय चिखलाचे होते आणि तू मला तशीच जवळ घेतलीस.

त्यानंतर साहेब नाव पुकारत होते आणि तू मागच्या लोकांना पुढे घालत होतीस. पायरीवर बसून आलेपाकाचा डबा उघडलास. लुआन सारखा सूर्याकडे बघत होता. त्याने मला विचारलं की बाई उठणार आहेत का. मी म्हटलं आमच्या घरात हिला कुणी उठवू शकलेलं नाही. तेव्हा थोम तोंडात आलेपाक घोळवत म्हणाली की ही म्हातारी अंधार पडेपर्यंत बसेल आणि मग आपल्यालाच जेवायला घालावं लागेल. तिने आपली पाळी एकाने खाली सरकवली. मग तिच्या खालचीने, मग तिच्याही खालचीने. साहेबांनी तेवढ्यात चष्मा पुसायला काढला. माझं नाव पुकारलं तेव्हा तुला वाटलं पाळी आली. पाळी आली नव्हती, त्यांनी दिली.

आणखी एक. फोटो काढताना तू मला वल्हं सोडू दिलं नाहीस, ते धरायला लावलंस. त्यानंतर दिएपबाई मला हळूच म्हणाल्या की श्राद्धाला माझ्या हाताचे घट्टे बघितले तेव्हाच त्यांना कळलं होतं. खोल्या किती हे त्यांनी मुद्दाम विचारलं. थोआ स्वतःच्या तोंडाने कधी सांगते याची त्या वाट बघत होत्या.

पण मला एक कळलं नाही. यंत्र बंद केलं, आपण आत गेलो, दिवे लागलेल्या भिंती दोन्ही बाजूंनी वर गेल्या, सगळे माना वर करून बघत होते, आणि तू फळीवर उलटी फिरून माझ्याकडे तोंड करून बसलीस. बाहेर येईपर्यंत तशीच. गाडीसारखी नावही लागली का? गुहा कशी वाटली ते जाताना एका शब्दाने सांगितलं नाहीस. आवडली नसेल तर तसं लिही.

लोभ काय मागू, सगळा धक्का साक्षीला ठेवून दिलास.
तुझी खुए

किम लाँग
सहावा महिना, बावीस (तिथी)

चि. खुए हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिएपशी दोन दिवस बोलले नाही. आज तिला आलेपाक नेऊन दिला. तुझ्या त्या बायकांसाठी मोठा डबा बसवाल्याबरोबर पाठवला आहे. थोमचा त्यात वेगळा पुडा आहे, तिखट.

नाव लागली नाही. पोट इतकं शांत गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं.

गुहा कशी आहे ते मला विचारू नकोस, मी पाहिलीच नाही. देवळात सगळ्या विचारतात आणि मी दिएपकडे बोट करते. तू लिहिलं होतंस की तुला नेहमी डोकी मागूनच दिसतात. मला वाटलं निदान एका माणसाने तरी तुझ्याकडे तोंड करून बसावं. मग तू खांदा चुकवून वल्हं कसं टाकतेस, काठाशी जाताना ओठ कसे आवळतेस, लहानपणी वेणी घालून घेताना आवळायचीस तसेच, ते बघता बघता बाहेरचा उजेड आला. भिंती असतील चांगल्या. आजवर लोकांना तुझं हॉटेल सांगत होते. आता वल्हं सांगते आणि कुणी थांबवल्याशिवाय थांबत नाही.

तेव्हा गुहा बघायची राहिली आहे. सातवा महिना पितरांचा, त्यात नको. आठव्या महिन्याच्या सोळाला लुआनला पुन्हा सांगितलं आहे, पावसाआधी, तुझ्या हाती वल्हं आहे तोवर. बारीक आकडा. होआइला तांबडा गोल करायला सांग, आणि त्या दिवशी खरोखरची पाळी घे.

लोभ आहे, तो घेऊन येतेच आहे. पण या खेपेला पुढे तोंड करून बसेन असं वचन देत नाही.
तुझी ताई, थोआ