डोळ्यांत हळद

विरार (पश्चिम)
१९ नोव्हेंबर

ती. यमुनाकाकूंना सीमाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डिंकाचे लाडू मिळाले. बाळंतिणीपेक्षा तुमचा जावई विघ्नेशच जास्त खातो, म्हणून डबा आता माझ्या कपाटात आहे.

फोनवर आम्ही सगळे 'बाळ छान आहे' एवढंच म्हणतो. पण पाचवीची पूजा अर्धवट टाकून, सोयरात बाळाला उंबऱ्याबाहेर नेलं म्हणून तुम्ही अश्लेषाला रागावलात आणि तेव्हापासून तिच्याशी बोलला नाहीत. म्हणून त्या संध्याकाळचं नीट लिहिते.

बाळ फार शांत होतं. आमची आई तर मिरवत होती, "माझ्या नावाला जागला! शांताचा नातू, शांतच असणार." मालिशला येणाऱ्या हंसाबाई साय-हळद चोळून म्हणायच्या, "सोन्याचा रंग आलाय पोराला. कोनाची नजर नको." आम्हांला दोन्ही खरं वाटायचं.

पूजेला पाटा मांडला, बायका जमल्या, आणि तुमची लेक बाळाला घेऊन खिडकीशी उभी.

"ताई, हा शांत नाही. याला जाग येत नाहीये. दुपारपासून दूध ओढलं नाही."

"पहिलटकरणीला सगळंच वाकडं दिसतं," आई म्हणाली.

अश्लेषाने कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि बाळाचं कपाळ, पोट, तळपाय पुसले. बोळा पिवळा झाला तशी आई हसली, "बघ, हळदच!" अश्लेषाने तळपाय बोटाने दाबून सोडला. दाबलेली जागाही पिवळीच. मग तिने हलकेच पापणी उघडली आणि बाळ आईसमोर धरलं.

"आई, डोळ्यांत कुणी हळद घातली का?"

आवाज जराही चढवला नव्हता. आईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "ऊठ रे विघ्नेश, रिक्षा आण. सटवीला मी सांगते, दवाखान्यात जाऊन लिही म्हणून."

डॉक्टर रिटांनी रक्त तपासलं. कावीळ फार चढली होती. आई-बाळाचे रक्तगट जुळत नसले की कधी कधी अशी भरभर चढते. हळदीने ती होत नाही, त्या म्हणाल्या, पण हळदीखाली लपते. मेंदूत गेली तर बाळाचे कान जातात, जीवही जातो. रक्त बदलायची तयारी ठेवली होती. तेवढी वेळ आली नाही. निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट, असा तो पडून होता. टाके ओले असताना अश्लेषा त्याच्याजवळ बसून वाटीचमच्याने दूध पाजत होती. जरा पड म्हटलं तर म्हणाली, "आता रडायला लागलाय, ताई. ऐकू दे ना मला."

काकू, मला नालासोपाऱ्याला एक मुलगी झाली होती. तुम्हांला कुणी सांगितलं नसेल, आमच्याकडे तो विषय निघत नाही. तीही अशीच झोपून राहायची, तिलाही आम्ही हळद लावायचो. कशाने गेली, कुणाला कळलं नाही. आता कळणारही नाही. मी कुणावर राग धरलेला नाही, आईवर तर नाहीच. पण अश्लेषाला खिडकीशी उभी पाहिलं आणि वाटलं, भरल्या घरात असंही उभं राहता येतं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी, आणि मी तिच्याकडे थोरल्या बहिणीकडे बघावं तशी बघत होते.

काल बाळाच्या कानांची तपासणी झाली. दोन्ही कान चांगले आहेत. उद्या घरी सोडतील.

बरोबर केलंस, असं आम्ही सगळ्यांनी अश्लेषाला सांगितलं. ती मान हलवते आणि फोनकडे बघत राहते. सासरच्यांच्या कौतुकाने तिचं भागत नाहीये. हे वाचून झालं की तिला फोन करा. पूजेचं काही विचारू नका. मध्येच बाळ रडू लागलं, तर फोन ठेवू नका.

तुमच्या लेकीचा अभिमान वाटणारी तिची नणंद,
सीमा