वर थांबायला जागा नाही

३ मार्च
पुन्हा पाठीवर पडले. दहा मीटरच्या कट्ट्यावरून उडी मारून पाठ आपटली की पाणी फरशीसारखं लागतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "गुडघे उशिरा घेतेस." माहीत आहे मला! वर पोचल्यावर क्षणभर सगळं थांबतं, त्या थांब्याची मी वाट बघते आणि मग कोलांटीसाठी गुडघे छातीशी घेते. संघाची निवड चाचणी सतराला. आज शिडी चढताना पाय लटपटत होते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

५ मार्च
आई म्हणते, सोडून दे. ती असं म्हणाली की मला हट्टच चढतो.

८ मार्च
दादा शाळेत विज्ञान शिकवतो. घरीही शिकवतो, कुणी विचारलं नसलं तरी. माझ्या उडीचा व्हिडिओ थांबवत थांबवत त्याने दर क्षणाची उंची मोजली आणि आलेख काढला. टेकडीसारखा. मी म्हटलं, "मी एवढी पुढे कुठे जाते?"
"ही तुझी वाट नाही गं बाई. आडवा काळ, उभी उंची."
मी माथ्यावर बोट ठेवलं — बघ, सपाट. इथेच थांबते मी.
मग त्याने वेगाचा आलेख काढला. पट्टीने ओढलेली सरळ रेघ, उतरती. वर जाताना वेग कमी कमी, मग शून्य, मग तसाच खालच्या दिशेने वाढत जाणारा. शून्यापाशी रेघ ना वाकते ना रेंगाळते. म्हणाला, "कट्ट्यावरून पाय सुटले तेव्हाच तुझं पडणं सुरू झालं. वर जात होतीस तरी. हवेचा अडथळा धरलेला नाही हं."
"आणि पाण्याचा?" आईने आतून विचारलं.
हसले, पण चिडलेही. इतकी वर्षं ज्या थांब्यावर भिस्त ठेवली, तो नाहीच म्हणजे काय?

१२ मार्च
पाच मीटरवरून करून पाहिलं. पाय सुटले की लगेच गुडघे घेतले. हात आधी पाण्यात, पाठीला काही कळलंच नाही. बाईंनी भुवई उंचावली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

१५ मार्च
दहावरूनही जमलं. चारही वेळा. पाय लटपटले नाहीत. वर उभी राहून समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं ते बघत बसले. बाईंना हाक मारावी लागली.

१७ मार्च
निवड झाली. आईचे डोळे भरले, दादा आलेख घेऊन सगळ्यांना पिडतोय. बाईंना बाजूला घेऊन सांगितलं — मी संघात येणार नाही, उड्या सोडतेय. इतके दिवस वाटायचं, भीतीमुळे नको वाटतंय. भीती गेली. तरी नकोच वाटतंय.