टर्कीच्या सूपची तपासणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (घालायचा तो खुर्चीत बसूनच घातलाय, गुडघ्यांनी परवानगी नाकारली.) तुझी तब्येत बरी असेल. नसली तरी तू कळवणार नाहीस, म्हणून ती बरी आहे असंच मी धरून चालतो. माझी उत्तम आहे. इतकी उत्तम, की गेला महिनाभर तिच्यावर रीतसर चौकशी बसली होती. त्याचीच हकीकत कळवायला हा पत्रप्रपंच.

दुधाच्या पातेल्याचं प्रकरण तुझ्या कानावर आलंच असेल. तुझ्या भाचीने ते सगळ्या नात्यात सांगितलंय आणि प्रत्येक वेळी धूर थोडा थोडा वाढवत नेलाय. खरं एवढंच, की दूध तापत ठेवलं आणि खुर्चीत माझा डोळा लागला. समोरच्या घरात राहणारे, पियानोचे सूर जुळवणारे गृहस्थ (कान तिखट, नाक त्याहून तिखट) धावत आले, गॅस बंद केला आणि मला हलवून उठवायच्या आधी तिला फोन लावला. दुसऱ्या दिवशी कन्यारत्न हजर! हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. त्यावर माझ्या वयाची चार माणसं एका बाकावर बसून इतकी हसत होती, की मला त्यांची काळजीच वाटली. जागा म्हणे छान आहे, बाग आहे, जेवण वेळेवर मिळतं. मी म्हटलं, मी माझं घर सोडणार नाही. आवाज चढले, दारं आपटली (दोन्ही मीच), आणि शेवटी तह झाला तो असा: महिनाभर, सोमवार ते शुक्रवार, रात्रीचं जेवण मी स्वतः करायचं. धड आणि पोटभरीचं. चहा-पाव हे जेवण धरलं जाणार नाही. दर गुरुवारी ती येऊन बघणार. जमलं तर घर माझं, नाहीतर त्या बाकावर पाचवा मी.

ताई, चौतीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या. तपासणीच्या दिवशी लोक यंत्राला कसं तेल पाजतात, वहीत आदल्या रात्री एकाच पेनाने वर्षभराच्या नोंदी कशा भरतात, सगळं मला पाठ. आता तपासला जाणार होतो मीच. पण मनाशी ठरवलं, की करायचं ते चोख. तिनेच दिलेलं स्वयंपाकाचं पुस्तक उघडलं आणि त्यातलं 'कामाच्या दिवसांसाठी इटालियन पद्धतीचं पोटभरीचं सूप, टर्कीच्या खिम्याचं, फक्त तीस मिनिटांत' निवडलं. एकदा मोठं पातेलं केलं की आठवडा निघेल, असा हिशेब. (टर्की म्हणजे कोंबडीची थोराड चुलत बहीण. चव बेताची, पण स्वभावाने गरीब.) खाटकाने विचारलं, किती जणांसाठी? मी म्हटलं, एकासाठी. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि अर्धा किलो बांधून दिला, कारण त्याखाली त्याचं यंत्र फिरत नाही.

पहिली अडचण कांद्याची. पुस्तक म्हणतं, मध्यम आकाराचा कांदा घ्या. मध्यम म्हणजे कशाच्या मानाने? मी घरातले अकराही कांदे कॅलिपरने (लिफ्टच्या तारांची जाडी मोजायचं माझं जुनं हत्यार) मोजले, चढत्या क्रमाने टेबलावर मांडले आणि सहावा घेतला. इथेच चाळीस मिनिटं गेली. मग गाजर, सेलरी, लसूण हे सगळं चिरलं, त्यात थोडा मीही चिरला गेलो. मग म्हणे खिमा तांबूस होईपर्यंत परता. ताई, टर्की तांबूस होत नाही. आधी पांढरी फटक पडते, मग करडी, आणि मी ढवळतोय ढवळतोय तो तिला पाणी सुटलं आणि खिम्याच्या गुठळ्या झाल्या. (सारखं ढवळणं हीच चूक, हे तिसऱ्या खेपेला कळलं. खिमा रुंद पातेल्यात पसरायचा आणि मुकाट्याने बाजूला उभं राहायचं. आमच्या घरात हे कोणालाच जमत नाही.) मग टोमॅटोचा डबा, पांढरे घेवडे, वाळलेली पानं, पाणी आणि शेवटी मूठभर बारीक पास्ता. तीस मिनिटांचं काम मी दोन तास वीस मिनिटांत संपवलं. पण काय सांगू, घरभर असा वास सुटला, की पियानोवाले दारातून डोकं घालून काही जळत नाहीये ना हे विचारायला आले आणि वाडगाभर पिऊन गेले.

सोमवारी सूप होतं. मंगळवारी ते दाट झालं. बुधवारी चमचा उभा राहिला. गुरुवारी, म्हणजे तपासणीच्या दिवशी, झाकण काढलं तर पातेल्यात सूप नावाची वस्तूच नाही! पास्ता रात्रंदिवस ते पीत बसला होता, आणि टम्म फुगून तिथेच झोपला होता. (तो वेगळा उकडून आयत्या वेळी घालायचा असतो. पुस्तकात आहे, पण मागच्या पानावर.) एवढ्यात दारावरची घंटा वाजली. तिने फ्रीज उघडला, डब्यांवरच्या तारखा वाचल्या, कचऱ्याच्या डब्यातही डोकावली. मला मनातून अभिमान वाटला, मीही असाच बघायचो. मग पातेलं बघितलं. मी खाली मान घालून उभा. तिने सुरी घेतली, सूपची एक वडी कापली आणि उभ्या उभ्या खाल्ली. मग दुसरी कापली. मग खुर्ची ओढून बसली.

दुसऱ्या गुरुवारी सूप पातळ होतं आणि तिने तीन वाडगे घेतले. तारखा वाचायच्या राहून गेल्या. तिसऱ्या आठवड्यात ती मंगळवारीच आली. अचानक तपासणी, म्हणाली. बुधवारीही अचानक आली. मी वाढता वाढता सहज विचारलं, काल रात्री काय जेवलीस? तर म्हणाली, काहीतरी. ताई, नोंदवहीत जो 'काहीतरी केलं' असं लिहितो त्याने काहीही केलेलं नसतं, हे मी चौतीस वर्षं बघितलंय. तेव्हा कुठे मी तिच्याकडे नीट बघितलं. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होतं. जावईबापू घर सोडून गेल्याला आठ महिने झाले. त्यावर ती बोलत नाही, मी विचारत नाही, आणि याला आम्ही दोघं समजूतदारपणा म्हणत होतो. ती दवाखान्यात दिवसभर एक्स-रे काढते, लोकांची हाडं बघते. तिची हाडं मला त्या दिवशी यंत्राशिवाय दिसली. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. आठ महिने मी माझं घर माझं घर करत बसलो होतो. जेवण झाल्यावर ती खुर्चीतच झोपली, आणि मी आवाज होऊ नये म्हणून भांडी तशीच ठेवली.

काल महिना संपला. तिने सूप खाल्लं, वाडगा पुसून पाव खाल्ला आणि निकाल दिला. "तुमचं तुम्हाला जमतंय, बाबा. मी उगीच घाबरले. आता मला दर आठवड्याला यायची गरज नाही." माहितीपत्रक तिने फाडून टाकलं. घर माझं राहिलं. मी जिंकलो. मी 'हो का' म्हणालो आणि तिला दारापर्यंत सोडून आलो. पातेल्यात चार माणसांचं सूप शिल्लक होतं.

असो. तू औषधं वेळेवर घेत जा आणि जिन्यावरून जपून उतर. सगळ्यांना आशीर्वाद. पत्र लांबलं, चष्मा पुसून वाच.

तुझा,
धाकटा

ता. क. कामाचं राहिलंच. तिला तू एक पत्र लिही. माझं ती ऐकून घेते, पण आत्याचं ऐकते. लिही, की तुझा बाप स्वयंपाक करतो झकास, पण समोर कोणी नसलं की जेवत नाही, नुसतं झाकून ठेवतो. लहानपणापासूनची खोड आहे म्हणावं. (कालही तिच्यामागे मी एकट्याने दोन वाडगे हाणले, ते लिहू नकोस.) माझ्यासाठी ये म्हटलं तर ती धावत येईल. तिच्याच भल्यासाठी ये म्हटलं, तर मी बरी आहे म्हणून फोन ठेवेल.

आणखी एक. पाकीट चिकटवणार इतक्यात तिचाच फोन आला. सूपची कृती मागत होती, घरी एकटीपुरतं करून बघते म्हणाली. मी सांगितलं, ते एकटीपुरतं होत नाही, चार माणसांच्या खाली केलं की हमखास बिघडतं. (पुस्तक कपाटावर फेकलंय, आली तरी तिचा हात पुरणार नाही.) मग म्हणाली, सोमवारी किती वाजता येऊ? तेव्हा सोमवारचं माझं मी जमवलं. मंगळवार ते शुक्रवारचं तू बघ.