आपला देव्होतिस्सिमो

तुरिन, २८ जुलै १९५८

ती. वेनेराताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या दोन्ही खेचरांच्या पायांच्या शिरा कापल्याचं तुझ्या पत्रात वाचलं. नोफ्रिओदाजींनी डॉन साव्हेरियोला नाही म्हटलंच कशाला? मिरवणुकीत सान रोक्कोची मूर्ती त्याच्या सज्ज्याकडे वळवून जरा झुकवली, तर संत काय लहान होतो? असो. मीच डॉनला पत्र घातलंय, की दाजी तापट आहेत, पोटात घाला. ऑफिसात साहेबांना लिहितो तशीच खाली सही केली, ‘आपला देव्होतिस्सिमो तिंदारो’. आता निवळेल. माया आहे तशीच ठेव.

तुझा तिंदारो

रोक्कापाल्मा, ५ ऑगस्ट

चि. तिंदारो यास अनेक आशीर्वाद.

शहाण्या, देव्होतो म्हणजे भक्त, हे तिकडे जाऊन विसरलास? तुमच्या ऑफिसात ती सहीची शोभा. इथे माणूस देव्होतो असतो तो संताचा, नाहीतर डॉनचा. तू तर परमभक्त झालास! डॉनने पत्र न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचून घेतलं. म्हणाला, मेव्हणा आमच्या पदरात पडला, आता नोफ्रिओ राहिला. सणाला मूर्ती वळली नाही तर तिथेच आडवा करीन. मी यांचे पाय धरले. हे म्हणतात, पुढचा दांडा माझ्या खांद्यावर आहे तोवर मूर्ती सरळच जाईल. तू येऊ नकोस, आणि कृपा करून कुणाला पत्र लिहू नकोस. जिवाला जप.

तुझी ताई

रोक्कापाल्मा, १९ ऑगस्ट

चि. तिंदारो यास आशीर्वाद.

तुझे दाजी गेले. सज्ज्याखाली दोन गोळ्या घातल्या, एक गळ्यात. मूर्ती देवळाआधी जमिनीला टेकवायची नसते, तुला ठाऊक आहे. माणसांनी ती कशीबशी पेलली, आणि भीतीने सज्ज्याकडे वळवायला घेतली. पुढचा दांडा रिकामा होता. त्याखाली मी खांदा दिला. बायकांनी शिवायचं नाही म्हणून एकाने माझे केस धरून ओढलं. मी त्याचं बोट हाडापर्यंत चावलं. रक्तात सगळ्यांचे अनवाणी पाय घसरत होते. मूर्ती सरळ गेली.

देवळात पाद्रीबाबा म्हणाले, केवढे देव्होतो तुम्ही सगळे. मी विचारलं, कुणाचे?

तुझ्यावर फार राग आहे, तरी माझं माणूस तूच उरलास. म्हणून तुलाच सांगते. दांडा पुढचा होता, तेव्हा यांना ओलांडून गेली ती पहिली मी. तेव्हा यांचे डोळे उघडे होते, आणि यांनी माझा घोटा धरला होता. मी तो सोडवून घेतला.

तुझी ताई