कॅन्यन केलं म्हणे!

६ मे, सोमवार

केलं म्हणे! काल हिगाशी-कसाईला इथल्या, जपानातल्या मराठी मंडळींचं जेवण होतं. तिथे अंबरीषने सगळ्यांसमोर जाहीर केलं — "आमच्या ग्रुपने व्हेगस केलं, ग्रँड कॅन्यन केलं." पोळ्या केल्या, भाजी केली, तसं! वर मलाच विचारतो, "काय वृंदावहिनी, मस्त झाली ना टूर?"

काय मस्त? बसमधून उतरलो, कठड्याला टेकून फोटो काढले, बाथरूमच्या रांगेत उभे राहिलो, ठेपले खाल्ले. मी वाकून पाहिलं तर खाली लाल कड्याला चिकटून एक बारीक वाट जात होती. तिच्यावरून माणसं चालली होती, मुंग्यांएवढी. एका वळणावर दिसेनाशी झाली. ती कुठे गेली ते मला बघायचं होतं! तेवढ्यात मागून अंबरीष — "वहिनी, बस सुटेल हं!"

मी काही पाहिलेलं नाही. परत जाणार. आणि या वेळी खाली उतरणार.

८ मे

उल्हासला सांगितलं. नवरोबांनी टीव्हीवरून नजरसुद्धा काढली नाही. "परत? पाहिलंय की आपण." मग जरा थांबून, "आणि तुझे गुडघे?"

बेंतोच्या, म्हणजे तयार डब्यांच्या, कारखान्यात बाइतोला, रोजंदारीच्या कामाला, दिवसभर उभी असते, तेव्हा या गुडघ्यांची कुणी चौकशी करत नाही. त्याच पगारातून तिकीट काढीन. गुडघे माझे, पैसे माझे!

२ जून, रविवार

आजपासून जिना. आम्ही राहतो सहाव्यावर, पण ओजिमातली ही आमची बिल्डिंग चौदा मजली आहे. तळापासून चौदाव्यापर्यंत चढले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण चढले!

१५ जून

लिफ्टजवळ जपानीत नोटीस लागली. जुईने वाचून दाखवली — पहाटे जिन्यात पावलांचा आवाज येतो, सर्वांनी कृपया सहकार्य करावे. "आई, धिस इज सो यू!" म्हणाली आणि हसत सुटली. उल्हास नाही हसला. "चार लोकांत शोभा करून घेऊ नकोस."

शोभा! मऊ तळव्यांचे बूट आणले. आता सगळे ऑफिसला गेल्यावर चढते. आवाज बंद. जिना बंद नाही.

७ जुलै, रविवार

जुईला घेऊन ताकाओच्या डोंगरावर गेले. वाटेत भेटणारा जो तो "कोन्निचिवा" म्हणतो. दम होता तोवर मीही म्हटलं. झकास चढले. माथ्यावर भाताची ओनिगिरी खाल्ली.

उतरताना मात्र पाय असे लटपटायला लागले की जुईचा हात धरावा लागला. आणि तिथेच डोक्यात ट्यूब पेटली. अरे देवा! डोंगरावर आधी चढ, मग उतार. तिकडे सगळं उलटं! आधी उतार, आणि पायांचं हे असं झालं की मग चढ! म्हणजे इतके दिवस मी उलटाच सराव करतेय.

उद्यापासून लिफ्टने चौदाव्यावर जायचं, जिना उतरायचा आणि मग चढायचा.

११ ऑगस्ट, रविवार

ताकाओला केबल कारने वर. चालत खाली. परत चालत वर. केबल कारने खाली. उकाड्याने जीव नकोसा झाला. सकाळी उतरताना भेटलेल्या एक आजी मला परत चढताना बघून थांबल्या — "वर काही विसरलात का?" हो म्हटलं!

घरी उल्हास म्हणाला, "उतरायचा कसला सराव करतेस? उतरायला काय लागतं? कुणीही उतरेल."

१४ सप्टेंबर

उल्हास बरोबर येतोय. "तुला एकटीला कशी सोडू? तू जा खाली, मी वर कॉफी पीत बसेन." बस बाबा.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पोचलो. उद्या उतरायचं. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायच्या फंदात पडू नका, अशी पाटी आहे. ठीक. मी अर्ध्या वाटेवरच्या झाडांपर्यंत जाईन. मीठ-साखरेचं पाणी भरून ठेवलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

घरी आलो. तिथे लिहिणं झालंच नाही.

वरून बघितला होता तो नुसता फोटो. उतरायला लागलं की कडे वाढत जातात. आधी पांढुरके, मग लाल. वारा पडला की डोक्यावरून जाणाऱ्या कावळ्याच्या पंखांचा आवाजसुद्धा ऐकू येतो. मेमध्ये ती माणसं जिथे दिसेनाशी झाली होती, ते वळण आलं. पलीकडे आणखी वाट होती, एवढंच. तरी मला इतका आनंद झाला! झाडांपाशी बारीकसा ओढा आहे. त्यात पाय सोडून बसले आणि रडले. छान वाटलं.

मग चढ. थोडं चालायचं, थांबायचं, घोटभर पाणी. सवयीने सगळ्यांना "कोन्निचिवा" म्हणत होते. एका गोऱ्या आजोबांनी उलट म्हटलंसुद्धा!

बरीच वर आल्यावर एका वळणाला सावलीत एक माणूस बूट काढून बसलेला. उल्हास! ऑफिसचे बूट, हातात कॉफीचा रिकामा कप, पाणी नाही. मांड्यांत गोळे आलेले. "म्हटलं, तुला जरा सामोरं जावं. उतरताना काहीच वाटलं नाही गं."

ओरडायचा दम वर जायला राखून ठेवला. त्याला मीठ-साखरेचं पाणी दिलं, खजूर दिले, मांड्या चोळल्या. मग माझ्या सॅकचा पट्टा धरून तो माझ्या चालीने चढला. दर वळणाला थांबावं लागत होतं, त्यामुळे दर वळणाला मागे बघत होता. एका ठिकाणी बराच वेळ बघत राहिला.

"वृंदा, हे सगळं मेमध्ये पण इथेच होतं?"

"इथेच होतं."

२० ऑक्टोबर, रविवार

हिगाशी-कसाईला जेवण. अंबरीष म्हणाला, "काय उल्हास, परत कॅन्यन केलंत म्हणे!" उल्हास म्हणाला, "छे. मी अजून पाहिलेलं नाही. नदी राहिलीय."

घरी आलो. लिफ्टमध्ये त्याने सहा नाही, चौदा दाबलं.