खाडीकाठचा गोल कट्टा

१३ जानेवारी २०२४

सापडला! दिनानाथ सकाळी फिरायला गेले ते अकराला परत आले — गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. करावे गावाच्या मागे, खारफुटीच्या कडेला, काँक्रीटचा गोल कट्टा. "अरुणा, तोफेचा चौथरा आहे! दुसऱ्या महायुद्धातला!" रिटायर झाल्यापासून माझ्या नवऱ्याला दुसरं काही सुचत नाही. जपानी येतील या भीतीने तेव्हा किनाऱ्यावर तोफा लावल्या होत्या म्हणे. त्यांच्या खुणा शोधत उरणपासून इथपर्यंत किनारा पालथा घातलाय. इतके दिवस हाती काय लागलं? मोरा बंदरात एक पडकी भिंत. तीही शेवटी कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याची निघाली.

आधी पाय धुवायला पाठवलं. मग शिरा केला.

१४ जानेवारी

आज मीही गेले. कट्टा कमरेएवढा उंच, शेवाळलेला. खाडीकडच्या कडेला एक गोलसर खाच, चांगली पाट्याएवढी रुंद. कशासाठी, कळेना. हे टेप घेऊन वर चढले तोच मागून आवाज — "ओ सायेब! चपला कारा आदी! आमचे होलीचा कट्टा हाय यो!" चांगुणाबाई! आमच्या सोसायटीच्या गेटवर मासळी विकतात त्या. ह्यांनी बूट काढले. मोजेसुद्धा! रिकाम्या रस्त्यावर हिरव्या सिग्नलची वाट बघत उभा राहणारा माणूस हा, नियम म्हटला की संपलं.

पण चांगुणाबाईंनीच वाईट बातमी दिली. इथून जॉगिंग ट्रॅक जाणार. कट्ट्यावर लाल रंगाची फुली मारलेली आहे, ती आम्ही पाहिलीच नव्हती. "होली झाली का तोरनार म्हनतात." परत येताना हे एकच म्हणत होते — इथे तोफ होती हे दाखवता आलं तर कोणी हात लावणार नाही.

२८ जानेवारी

माझा भाचा अभिराम पुण्याहून आला. पुरातत्त्वात आहे. तासभर कट्टा तपासला. "मामा, तोफ म्हणजे टनावारी वजन. काँक्रीटमध्ये जाड बोल्ट लागतात. इथे एकही नाही, भोकंही नाहीत. ही खाच म्हणजे पाणी जायची वाट असेल. सॉरी." वर तीन थालीपिठं खाऊन गेला. मला राग आला, उगाच.

२९ जानेवारी

ह्यांनी आज पेपर उघडलाच नाही.

२४ मार्च

होळी. चांगुणाबाईंनी आग्रहाने बोलावलं — "या वर्साची होली शेवटची, येवाच." मी जबरदस्तीनेच नेलं ह्यांना. गावातली माणसं ताडाचं खोड खांद्यावर घेऊन वाजतगाजत आली. खोडाला काजळी फासलेली, काळंकुट्ट! सगळीकडे होळीचं झाड उभं करतात. इथे तिरपं ठेवलं, कट्ट्यावर. बुंधा मागे, शेंडा खाडीकडच्या त्या खाचेत. बरोब्बर बसला. "तोंड खारीकरं करा रं!" चांगुणाबाई ओरडत होत्या. ओवाळलं, नारळ फोडला, आणि मगच खोड खाली उतरवून होळीत उभं केलं.

"असं तिरपं का हो?" मी विचारलं.

"आमचे आज्यापासना असाच लावतात. का, तं कोनला ठावं!"

मी गमतीने ह्यांना म्हटलं, "घ्या, ही बघा तुमची तोफ!" हे हसले नाहीत. खोडाकडे बघत राहिले. मग माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "अरुणा, खरंच तोफ आहे ती."

घरी येताच अभिरामला फोन. तो म्हणाला, तोफा कमी पडायच्या तेव्हा लाकडाच्या खोट्या तोफा लावायचे, वरून विमानाला खऱ्या वाटाव्यात म्हणून. बोल्ट कशाला लागतील! उद्याच निघतो म्हणाला.

गोरे साहेब गेले, खोटी तोफ कुजली असेल. गावाने दर वर्षी नवी लावली! मला तर हसूही येतंय आणि डोळेही भरतायत.

१० सप्टेंबर

वाचला कट्टा! ट्रॅक वळवला. भोवती तारेचं कुंपण, गेट, पाटी — 'संरक्षित. आत प्रवेश करू नये.' अभिरामच्या ऑफिसने ह्यांनाच देखरेखीला नेमलं. फुकटचंच, पण किल्ली मिळाली! रोज सकाळी जाऊन कुलूप ओढून बघतात. सोसायटीत पेढे वाटले. खूप दिवसांनी घर हसतंय.

२ मार्च २०२५

चांगुणाबाई दारात. आत आल्या नाहीत.

"सायेब, तुमी कट्टा वाचवला का आमचेपासून वाचवला? होली कुठं लावायची आमी?"

आमच्या डोक्यातच आलं नव्हतं! हे म्हणाले, "परवानगी मागतो." त्या गेल्यावर लगेच अभिरामच्या ऑफिसला अर्ज लिहायला बसले.

११ मार्च

परवानगी नाही. वास्तूला धोका, म्हणे. अभिरामचाही नाइलाज. ह्यांनी उत्तर दोनदा वाचलं, घडी घालून ठेवलं. "नियम आहे, अरुणा." मी भांडले. खूप बोलले. तावातावाने आमटीत मीठही दोनदा पडलं.

१३ मार्च

होळी. "कुलपाला तेल घालून येतो," म्हणून हे संध्याकाळी गेले. मला चल म्हणाले नाहीत. आले ते ताशांचा आवाज थांबल्यावर — अनवाणी, बूट हातात, आणि पांढऱ्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर काजळीचा हातभर पट्टा.

शर्ट धुवायला टाकलेला नाही.